किंमत बांधलेली, आवाज मोकळा

गुढियारीच्या थोक बाजारात संध्याकाळी शटर खाली येऊ लागतात. हमाल हातपाय धुऊन चहाला बसतात आणि रुळांपलीकडच्या रायपूर स्टेशनातली गाड्यांची घोषणा तेव्हा कुठे नीट ऐकू येते. त्याच सुमाराला एका गल्लीतल्या रिकाम्या गोदामात माझा भाचा आणि त्याचे तीन मित्र तालमीला जमतात. तुरीच्या डाळीचा वास अजून भिंतींतून गेलेला नाही. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून पोरांनी दोन बाजूंना रिकामी बारदानं टांगली आहेत. दोन गिटार, एक बेस, एक जुना ड्रमसेट. त्यातला एक सिंबल कडेला तडकला आहे. त्याचा आवाज आता थोडा चिरका येतो आणि त्यांना तोच आवडू लागला आहे.

गेल्या गणेशोत्सवात एका मंडळाने त्यांना वाजवायला बोलावलं. पहिली दोन गाणी जोरकस होती, पोरं नाचली. तिसरं गाणं नवं होतं. सुरुवातीला एकटा बेस, मग हळूहळू बाकीची वाद्यं, मध्ये थांबे. ते अर्ध्यावर आलं तेव्हा एक कार्यकर्ता मंचावर चढला, त्याने माइक घेतला आणि म्हणाला, ‘‘वो पहले वाला बजाओ।’’ पोरांनी पहिलं गाणं पुन्हा वाजवलं. मानधन ठरल्यापेक्षा कमी मिळालं, त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. घरी आल्यावर भाच्याने मला विचारलं, ‘‘मामा, आम्ही बदललो ते चुकलं का?’’

मी त्याला त्या रात्री ‘नाही’ एवढंच म्हणालो. ते उत्तर खरं होतं, पण पुरेसं नव्हतं. कलाकाराने बदलावं की नाही, हा प्रश्न आपण बहुतेक वेळा आवडीनिवडीच्या अंगाने सोडवतो. कोणाला जुनं आवडतं, कोणाला नवं. मला वाटतं, त्याच्या आधी एक प्रश्न विचारायला हवा: बदलण्याची मोकळीक येते कुठून? तिची किंमत कोण देतं? ह्या प्रश्नाचं मला ठाऊक असलेलं सगळ्यांत स्वच्छ उत्तर वॉशिंग्टनच्या एका बँडने दिलं आहे. त्याचं नाव फुगाझी. पोस्ट-हार्डकोर ह्या नावाने जे संगीत ओळखलं जातं, त्यातला हा अग्रणी बँड.

नाव परकं आहे, म्हणून थोडं मागून सांगतो. १९८० च्या आसपास वॉशिंग्टनमधल्या शाळकरी पोरांनी पंक संगीत घेतलं आणि त्याला आणखी वेग दिला. गाणं दीड मिनिटाचं, कधी मिनिटाभरातच संपलेलं. ह्याला हार्डकोर म्हणू लागले. इयन मकाय हा त्या पोरांतला एक. त्याचा पहिला बँड, टीन आयडल्स, वर्षभरात मोडला. कार्यक्रमांतून साठलेले थोडे पैसे हातात होते. ते वाटून न घेता त्या पैशांतून मोडलेल्या बँडची रेकॉर्ड काढायची असं ठरलं आणि त्यासाठी मकाय आणि जेफ नेल्सन यांनी डिसकॉर्ड रेकॉर्ड्स ही कंपनी उभी केली. कंपनी म्हणजे काय, तर घरात बसून कागद कापणारी, घड्या घालणारी, पाकिटं चिकटवणारी मित्रमंडळी. पुढे त्या दोघांचा माइनर थ्रेट हा बँड १९८३ पर्यंत चालला आणि हार्डकोरचा नमुनाच ठरला.

नमुना ठरणं हेच मग संकट झालं. जे बंड म्हणून सुरू झालं त्याची तीन-चार वर्षांत नियमावली तयार झाली. अमुक वेगानेच वाजवायचं, असेच केस कापायचे, मंचापुढे अशीच धक्काबुक्की करायची. मुली मागे ढकलल्या गेल्या, काही ठिकाणी मारामाऱ्या नेहमीच्या झाल्या. १९८५ च्या उन्हाळ्यात वॉशिंग्टनच्या त्याच मंडळींनी ठरवून वेगळं वाजवायला सुरुवात केली. त्या हंगामाला ‘रेव्होल्यूशन समर’ असं नाव पडलं. राइट्स ऑफ स्प्रिंग हा त्यातला महत्त्वाचा बँड. त्यात गी पिचोटो गात असे आणि ब्रेंडन कँटी ड्रम वाजवत असे. ताकद तीच, पण आता गाण्यात अवकाश आला, चाल आली, स्वतःच्या मनाबद्दल बोलणं आलं. हार्डकोरची निकड ठेवून त्याचं कुंपण ओलांडणं, ही पोस्ट-हार्डकोरची मला पटणारी व्याख्या. फुगाझीचा पहिला कार्यक्रम ३ सप्टेंबर १९८७ रोजी झाला. मकाय गिटारवर, जो लॅली बेसवर, कँटी ड्रमवर. पिचोटो काही काळाने आला, तोही आधी नुसता गाणारा म्हणून.

मी त्यांना पहिल्यांदा ऐकलं ते नागपुरात शिकत असताना, एका मित्राच्या घरच्या कॅसेटवर. पहिलं गाणं होतं ‘वेटिंग रूम’, १९८८ चं. सुरुवात बेसची. जो लॅलीची बोटं एक छोटी, गोलाकार चाल फिरवत राहतात. तिच्यात रागापेक्षा झुलणं जास्त आहे. मग ड्रम आणि गिटार येतात, अंग हलू लागतं, आणि अचानक सगळं थांबतं. पूर्ण थांबतं. काही क्षण कॅसेटची नुसती खरखर. मला वाटलं, फीत अडकली. मी उठून यंत्राकडे गेलो आणि तेवढ्यात ती बेसची चाल पुन्हा सुरू झाली. समेआधी श्वास रोखून धरायला लावणारा तबलजी मी ऐकला होता. पण सतत अंगावर येणं हाच ज्यांचा धर्म, त्या संगीतात कोणी इतकी शांतता ठेवेल हे मला नवं होतं. आजही भाच्यासारख्या मुलांना मी पहिल्यांदा तेच गाणं ऐकवतो आणि त्या थांब्यावर त्यांचे चेहरे पाहतो.

ही शांतता आणि हे झुलणं कुठून आलं? एक वाट जमैकातून आलेल्या डब आणि रेगे संगीताची आहे. वॉशिंग्टनचाच बॅड ब्रेन्स हा कृष्णवर्णीय तरुणांचा बँड वेगवान हार्डकोर आणि संथ रेगे एकाच कार्यक्रमात वाजवत असे. मकायची पिढी त्यांना ऐकत वाढली. दुसरी वाट अगदी शेजारची, आणि मला ती अधिक महत्त्वाची वाटते. वॉशिंग्टनच्या कृष्णवर्णीय वस्त्यांत चक ब्राउन आणि त्याच्या बरोबरीच्यांनी घडवलेलं ‘गो-गो’ नावाचं संगीत आहे. एका गाण्यातून दुसऱ्यात जाताना तालवाद्यं थांबतच नाहीत. तासन्‌तास ठेका चालू, लोक नाचतात, गायक समोरच्यांची नावं घेऊन त्यांना हाक मारतो. माइनर थ्रेटचा शेवटचा कार्यक्रम सप्टेंबर १९८३ मध्ये झाला तो ट्रबल फंक ह्या गो-गो बँडच्या जोडीने. गोऱ्या वस्तीतली पंक पोरं आणि काळ्या वस्तीतला ठेका एका मंचावर. हे शहर आपल्या ह्या संगीताला फार उशिरा मान देऊ शकलं. २०२० मध्ये कायदा करून गो-गोला राजधानीचं अधिकृत संगीत ठरवलं गेलं. पण ज्यांचे कान उघडे होते त्यांना सरकारी मान्यतेची वाट पाहावी लागली नव्हती.

हे वाचताना नागपूर-रायपूरच्या माणसाला एक आवाज आठवायला हवा: धुमाल. ट्रकवर चढवलेली तालवाद्यं, कीबोर्डवर वाजणारी ओळखीची चाल आणि छातीत घुमणारा, न थांबणारा ठेका. रायपुरात गणपती विसर्जनाच्या, झाँकींच्या रात्री तो रस्ताभर असतो. सुशिक्षित मराठी घरांत, आमच्या घरातही, ‘धुमाल’ हा शब्द नाक मुरडून उच्चारला जातो. आवाजाच्या पातळीबद्दलची तक्रार खरीच आहे; छत्तीसगडच्या उच्च न्यायालयाने डीजेच्या गोंगाटाची स्वतःहून दखल घेतली, ते योग्यच झालं. पण डेसिबल वेगळे आणि ठेका वेगळा. गो-गो ज्या शहरात होतं तिथल्या पोरांनी ते ऐकलं. आमची गिटारवाली पोरं यूट्यूबवर वॉशिंग्टन ऐकतात आणि गल्लीतला धुमाल आला की खिडकी लावून घेतात. कुमार गंधर्व आजारपणात देवासला येऊन राहिले आणि माळव्याच्या बायकांची, रस्त्याने जाणाऱ्या भजनवाल्यांची गाणी कान देऊन ऐकत राहिले. त्या ऐकण्याने त्यांचा ख्याल बदलला. संगीत बदलतं ते असं, शेजार ऐकून.

मात्र ऐकून बदलायची इच्छा होणं आणि बदलणं परवडणं ह्या दोन गोष्टी आहेत. इथे फुगाझीचं हिशेबाचं वहीखातं उघडावं लागतं.

ह्या बँडने तिकिटाची किंमत पाच डॉलर ठेवली आणि ती जवळपास शेवटपर्यंत सांभाळली. कुठे कुठे थोडाफार फरक. कार्यक्रमाला कोणत्याही वयाच्या माणसाला प्रवेश, त्यामुळे फक्त दारूच्या विक्रीवर चालणारे क्लब बहुतेक बाद. मग चर्चचे हॉल, शाळांची सभागृहं, समाजमंदिरं. व्यवस्थापक नाही; कार्यक्रम मकाय स्वतः फोनवर ठरवत असे. टी-शर्ट, टोप्या, बिल्ले काही विकायचं नाही. रेकॉर्ड डिसकॉर्डच काढणार, आणि वेष्टणावर टपालखर्चासह किंमत छापलेली असणार, म्हणजे दुकानदाराला ती फुगवता येऊ नये. आपल्याकडे जुन्या लहान प्रकाशकांच्या पुस्तकांवर ‘टपालखर्च वेगळा’ असायचं, त्याच्या एक पाऊल पुढे.

धक्काबुक्कीबद्दलही नियम होता. मंचापुढे कोणी दुसऱ्याला इजा करू लागला की बँड वाजवणं थांबवी. त्या माणसाला आधी नीट सांगायचं. ऐकलं नाही तर त्याच्या हातात पाकीट द्यायचं, त्यात त्याचे पाच डॉलर, आणि त्याला बाहेर पाठवायचं. मला ह्या पाकिटाचं फार कौतुक वाटतं. त्यात अपमान नाही, आरडाओरडा नाही. तुझ्याशी आमचा व्यवहार होता, तो आम्ही पूर्ण केला, आता तू जा. ज्या मुलींना मागे ढकललं गेलं होतं त्यांना पुढे उभं राहायला जागा झाली ती अशी. स्त्रीच्या वाट्याला येणाऱ्या छेडछाडीवरचं ‘सजेशन’ हे त्यांचं गाणं १९८८ चं. ते म्हणायचं आणि सभागृहात मात्र बायकांना जागा द्यायची नाही, हा खोटेपणा त्यांनी होऊ दिला नाही.

आता ह्याचा आवाजाशी काय संबंध? माझ्या मते सगळाच. पाच डॉलर देऊन आलेल्या माणसाचं बँडवर ओझं नसतं. त्याने दोन हजार रुपये मोजले असते तर त्याला ओळखीची गाणी हवीच असती, आणि ती मागण्याचा हक्कही वाटला असता. कमी किमतीने ऐकणारा मोकळा झाला. तो नवं ऐकायला तयार झाला. दुसरीकडे बँडचा खर्चच इतका कमी की एखादी रेकॉर्ड कमी खपली तरी कोणी उपाशी राहणार नव्हतं आणि कोणत्याही कंपनीचा हप्ता थकणार नव्हता. फुगाझी कार्यक्रमात वाजवायच्या गाण्यांची यादी आधी ठरवत नसत. एकाने सूर धरला की बाकीचे ओळखून येत. हा विश्वास तालमीने येतो हे खरं, पण तो मंचावर आणण्याची हिंमत निश्चिंतीतून येते. अर्थव्यवहारात त्यांनी स्वतःला बांधून घेतलं आणि संगीतात स्वतःला सोडवून घेतलं. आमच्याकडे बहुधा उलटं चालतं. मानधन, वेळ, मान, सगळं सैल. आवाज मात्र कालचाच हवा.

ही मोकळीक त्यांनी कशी वापरली ते रेकॉर्डी ओळीने ऐकल्या की कळतं. १९९० ची ‘रिपीटर’ अजून रागाची आहे. दोन गिटार एकमेकांना कापत जातात. १९९१ च्या ‘स्टेडी डायट ऑफ नथिंग’मध्ये आवाज कोरडा, मोजका झाला. त्याच वर्षी निर्वाणा ह्या बँडच्या यशाने अमेरिकेत भूमिगत बँडांचा भाव रातोरात वाढला आणि मोठ्या कंपन्या चेकबुक घेऊन फिरू लागल्या. १९९३ मध्ये न्यूयॉर्कला अटलांटिक रेकॉर्ड्सचे सहसंस्थापक अहमत एर्तेगुन स्वतः फुगाझीला भेटायला आले. बँडने नम्रपणे नकार दिला. त्याच सुमाराची एक गोष्ट मात्र मला ह्या नकारापेक्षा मोठी वाटते. नव्या रेकॉर्डसाठी ते शिकागोला स्टीव्ह अल्बिनीकडे गेले. अल्बिनी म्हणजे त्या काळातला सगळ्यांत नावाजलेला ध्वनिमुद्रक, आणि त्यांचा चाहता. मुद्रण झालं, सगळे आनंदात होते. घरी येऊन ऐकलं तेव्हा ते पटेना. अल्बिनीलाही ते पटलं नव्हतं. त्यांनी ते सगळं बाजूला ठेवलं आणि आपल्या नेहमीच्या इनर इअर स्टुडिओत टेड नाइसलीबरोबर पुन्हा पहिल्यापासून मुद्रण केलं. ‘इन ऑन द किल टेकर’ अशी १९९३ मध्ये आली. झालेलं काम फेकून देण्याची ताकद ज्याच्याकडे तारखेची आणि पैशाची तलवार टांगलेली नाही त्याच्याकडेच असते.

१९९५ ची ‘रेड मेडिसिन’ आली तेव्हा जुने चाहते गोंधळले. मध्येच खरखर, घरगुती मुद्रणाचे तुकडे, एका गाण्यात पिचोटोचं क्लॅरिनेट. १९९८ च्या ‘एंड हिट्स’मध्ये गाणी लांबली, ताल एकावर एक चढवले गेले. आणि २००१ ची ‘द आर्ग्युमेंट’. तिच्यात चेलो आहे, स्त्रियांचे मागचे सूर आहेत, जेरी बुशर हा दुसरा ड्रमर आहे. वस्तीतल्या गरिबांना हुसकावून लावणाऱ्या घरबांधणीवरचं ‘कॅशआउट’ त्यात आहे, आणि ते ओरडून म्हटलेलं नाही. आवाज खाली आणला म्हणून राग कमी झाला असं नाही. तो आता सहज शांत होणारा राहिलेला नाही. ‘वेटिंग रूम’च्या त्या थांब्यात जे बी होतं ते तेरा वर्षांनी इथे झाड झालेलं दिसतं. माझं मत विचाराल तर ही त्यांची सर्वोत्तम रेकॉर्ड. ‘रिपीटर’च त्यांचं खरं रूप असं मानणारे अनेक आहेत आणि त्यांच्याशी मी बरेचदा वाद घातला आहे. त्यांना मी एवढंच म्हणतो की ज्या माणसाने वयाच्या विसाव्या वर्षी हार्डकोरचा नमुना घडवला, त्याने एकोणचाळिसाव्या वर्षी विसाव्याची नक्कल केली असती तर ते तुम्ही ऐकलं असतं का?

नोव्हेंबर २००२ मध्ये लंडनला त्यांचा शेवटचा कार्यक्रम झाला. घरसंसार होते, मुलं होती. ‘आम्ही बंद झालो’ असं त्यांनी कधी जाहीर केलं नाही, थांबले, एवढंच. हजाराहून अधिक कार्यक्रम झाले होते आणि त्यातल्या आठशेहून अधिकांचं ध्वनिमुद्रण त्यांच्याच माणसांनी जपून ठेवलं होतं. डिसेंबर २०११ पासून ते लोकांना मिळू लागलं. सुचवलेली किंमत? पाच डॉलर.

ह्यावर आक्षेप येतो, आणि तो रास्त आहे. अमेरिकेच्या राजधानीतल्या पोरांना हे जमलं. व्हॅन होती, पेट्रोल स्वस्त होतं, जुना ड्रमसेट सहज मिळत होता, घरच्यांना पैसे पाठवायचे नव्हते. गुढियारीतल्या पोराच्या बापाचा किराण्याचा धंदा आहे आणि धंदा आता डूमरतराईच्या नव्या थोक बाजाराकडे सरकतो आहे. त्याला पाच डॉलरचा आदर्श काय सांगता? म्हणून मी फक्त फुगाझीवर थांबत नाही. टेक्सासच्या मेक्सिकोलगतच्या सीमेवरचं एल पासो हे शहर घ्या. तिथला अ‍ॅट द ड्राइव्ह-इन हा बँड १९९४ पासून मोडक्या गाड्यांतून देश फिरला. सप्टेंबर २००० मध्ये ‘रिलेशनशिप ऑफ कमांड’ आली, एकाएकी सगळ्यांच्या नजरा त्यांच्यावर वळल्या, आणि २००१ च्या मार्चपर्यंत बँड संपलाही. काही जण मार्स व्होल्टा ह्या नव्या बँडकडे गेले, बाकीचे स्पार्टाकडे. थकवा, सततचे दौरे, आतले मतभेद. आणि आपण काय वाजवायचं ह्याबद्दल एकमेकांशी बोलायलाही उसंत नाही. ती रेकॉर्ड थोर आहे. पण त्यांना त्यांचा आवाज बदलायला वेळ मिळाला नाही. तो बदल बँड मोडूनच करावा लागला.

स्वीडनच्या उत्तरेला उमेओ हे विद्यापीठाचं गाव आहे. रिफ्यूज्ड ह्या तिथल्या बँडने १९९८ मध्ये ‘द शेप ऑफ पंक टू कम’ काढली. हार्डकोरमध्ये जॅझ, इलेक्ट्रॉनिक आवाज, व्हायोलिनजातीची वाद्यं. त्याच वर्षी ते मोडले, आणि ज्या रेकॉर्डकडे तेव्हा फारसं कोणी पाहिलं नव्हतं ती पुढे जगभरच्या पोरांसाठी क्रमिक पुस्तकासारखी झाली. स्वीडनमध्ये लोकशिक्षणाच्या संस्था अभ्यासमंडळांना मदत करतात आणि चार पोरांचा बँड हेही तिथे अभ्यासमंडळ धरलं जातं. तालमीची खोली मिळते, वाद्यं मिळतात. म्हणजे मोकळीक एका व्यक्तीच्या करारीपणातून येऊ शकते, तशी समाजाने बांधून दिलेल्या एका खोलीतूनही येऊ शकते.

आपल्या मुंबईत ती खोली कुठे होती? धोबीतलावचं रंगभवन. उघड्यावरचं नाट्यगृह, १९८६ पासूनच्या इंडिपेंडन्स रॉकचं घर. कॉलेजातली पोरं तिथे उन्हापावसात उभी राहून बँड ऐकत. पुढे शांतता क्षेत्राच्या नियमांनी ते गप्प झालं आणि त्याच्या तोडीची दुसरी स्वस्त जागा शहराने दिली नाही. तरीही मुंबईने ह्या वाटेवरचे बँड दिले. गॉडेस गॅग्ड हा त्यातला एक. सिद्धार्थ बसरूरचा गळा, आणि २०११ ची ‘रीसरफेस’. त्यातले देवेश दयाल आणि कृष्णा झवेरी पुढे स्कायहार्बर ह्या बँडमध्ये गेले. त्यांना एकाच बँडमध्ये दहा-पंधरा वर्षं राहून आवाज पिकवता आला असता तर काय झालं असतं, हा प्रश्न मला सोडत नाही. स्क्राइबने दुसरी वाट काढली. विश्वेश कृष्णमूर्तीचा हा बँड हार्डकोरचा, पण २०१० च्या रेकॉर्डचं नाव ‘मार्क ऑफ तेजा’, २०१४ ची ‘हेल मोगँबो’, आणि एका गाण्याचं नाव चक्क ‘आय लव्ह यू, पावभाजी’. काहींना तो निव्वळ चावटपणा वाटला. मला त्यात आपल्या शहराचं बोलणं गाण्यात आणण्याची धडपड दिसते. वॉशिंग्टनच्या पोरांनी गो-गो ऐकलं त्याच जातीची.

आणि खुद्द छत्तीसगडचं एक उदाहरण सांगितल्याशिवाय मला पुढे जाता येत नाही. ते संगीतातलं नाही. जानेवारी १९०० मध्ये पेंड्रासारख्या आडगावातून ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक निघालं. ते काढणारे माधवराव सप्रे मराठी, त्यांचे सहकारी रामराव चिंचोळकर आणि रायपूरचे वामनराव लाखेही मराठी. छापखाना गावात नाही, वाचक विखुरलेले, वर्गणी येईना. मासिकासाठी भांडवल कसलं, तर नोकरीच्या पगारातून शिल्लक टाकलेले पैसे. पुस्तकांची परखड समीक्षा, निबंध, आणि १९०१ मध्ये सप्र्यांची ‘एक टोकरी भर मिट्टी’ ही कथा, जिला हिंदीतल्या पहिल्या कथांमध्ये गणतात. डिसेंबर १९०२ मध्ये मासिक तोट्यात बंद पडलं. सप्र्यांचा करारीपणा मकायहून तसूभर कमी नव्हता. फरक एवढाच की मकायच्या समोर दर गावात पाच डॉलर देणारी पाचशे-हजार माणसं उभी राहिली आणि सप्र्यांच्या मागे तेवढे वर्गणीदार उभे राहिले नाहीत. आज आपण लाखेनगर म्हणतो, सप्र्यांच्या नावाची शाळा दाखवतो. पण ते मासिक तीन वर्षांत का मेलं हे विसरतो. ते वर्गणीअभावी मेलं.

म्हणून भाच्याच्या प्रश्नाचं उत्तर मी आता असं देतो. तुम्ही बदललात ते चुकलं नाही. मात्र तुमचा बदल टिकवायचा असेल तर व्यवहाराचे नियम आधी ठरवा, ते लिहून काढा आणि मोडू नका. कुठे वाजवणार, कुठे नाही, किती घेणार, गाणं मध्येच थांबवलं तर काय करणार. खर्च एवढा खाली ठेवा की एका मंडळाच्या नाराजीने पुढच्या महिन्याची तालीम बुडू नये. आणि विसर्जनाच्या रात्री खिडकी उघडी ठेवा.

पण उत्तराचा दुसरा अर्धा भाग त्या पोरांकडे नाही, आपल्याकडे आहे. रायपुरातल्या मराठी माणसांना माझी विनंती आहे. चौबे कॉलनीतल्या महाराष्ट्र मंडळाने आणि गावातल्या गणेश मंडळांनी दहा दिवसांतली एक संध्याकाळ ह्या पोरांच्या स्वतःच्या गाण्यांसाठी ठेवावी. तिकीट पन्नास रुपये असावं, पण असावं, फुकट नको. आवाज मर्यादेत असावा, रात्री दहाला कार्यक्रम संपावा, पुढच्या रांगा मुलींसाठी मोकळ्या असाव्यात, आणि गाणं संपेपर्यंत कोणी मंचावर चढू नये. गुढियारीतल्या ज्या व्यापाऱ्यांनी आपला माल डूमरतराईला हलवला आहे त्यांची काही गोदामं संध्याकाळी कुलुपात असतात. त्यांतली एखादी आठवड्यातून तीन संध्याकाळी दोन तास उघडून द्या. भाडं पोरं देतील, वेळेवर देतील, ह्याची हमी मी घेतो. त्यांच्या हल्लीच्या गोदामाचा करार मार्चमध्ये संपतो आहे.